सरावसंच तयार करून विकणे: शिक्षकांच्या जोडधंद्याची पहिल्यापासून शेवटपर्यंतची कृती

शाळा सांभाळून चार पैसे जास्तीचे मिळवायचे म्हटले की पहिल्यांदा शिकवणीच डोळ्यांसमोर येते. पण शिकवणीत जितके तास तितकेच पैसे, आणि दिवसभर बोलून बसलेल्या घशाला संध्याकाळी पुन्हा तेच काम. शिवाय अनेक ठिकाणी नोकरीच्या अटींतच खासगी शिकवणीला मज्जाव असतो. वर्कशीटचा सरावसंच एकदा नीट केला की तोच पुन्हा पुन्हा विकता येतो, म्हणून बरेच शिक्षक तिकडे वळतात. आणि महिना झाला तरी एकही प्रत गेली नाही, म्हणून तितकेच जण नाद सोडतात.

घोळ बहुधा क्रमात असतो. आधी रंगीत मुखपृष्ठ, मग इंटरनेटवरून उचललेली चित्रे, मग प्रश्न, आणि उत्तरसूची शेवटच्या रात्री. चित्रे कोणाची, हा प्रश्न तक्रार आल्यावर आठवतो. इथे सजावटीला पाचव्या टप्प्यापर्यंत थांबावे लागेल.

वर्कशीट सोडवते मूल, पण विकत घेतो दुसरा शिक्षक किंवा पालक. उद्याच्या तासाची तयारी त्याला आज रात्री दहा मिनिटांत उरकायची असते. संचातली कोणती गोष्ट ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवताना त्या दहा मिनिटांचा विचार करा.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे: तीन अंकी वजाबाकी, ज्यात शून्य आडवे येते.

## तयारी

कॉम्प्युटर, लिखाणाचे किंवा मांडणीचे कोणतेही सॉफ्टवेअर, मिलिमीटरची पट्टी आणि ब्लॅक-अँड-व्हाइट प्रिंटर (स्वतःचा नसला तरी हाताशी असलेला) एवढे पुरते. महागडे डिझाइन सॉफ्टवेअर पहिल्या संचासाठी घेऊ नका.

फोल्डर आधीच पाडून ठेवा: प्रश्न, उत्तरे, चित्रे आणि परवाने, पीडीएफ, विक्री. एका वहीत रोज किती वेळ दिला ते लिहा. ही नोंद आठव्या टप्प्यात किंमत ठरवताना लागते आणि मागाहून आठवून लिहिलेली नेहमी कमी भरते.

वीस पानांच्या पहिल्या संचाला २० ते २५ तास धरा. आठवड्याला पाच-सहा तास दिले तर महिन्याचे काम झाले. दोन सुट्यांत उरकू म्हणणाऱ्यांचे हटकून उत्तरसूचीत चुकते.

## टप्पा १: नोकरीचे नियम आणि हक्क आधी पाहा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण इथली चूक पुढे कशानेही भरून निघत नाही.

पहिले, नेमणूकपत्र आणि सेवानियम काढून वाचा. तीन गोष्टी शोधा: बाहेरचे उत्पन्न चालते का, त्यासाठी लेखी परवानगी लागते का, आणि नोकरीत असताना तयार केलेल्या साहित्यावर हक्क कोणाचा. अनेक देशांच्या कायद्यात नोकरीचा भाग म्हणून तयार केलेले साहित्य मालकाचे धरले जाते. शाळेच्या वेळेत, शाळेच्या लॅपटॉपवर, शाळेसाठी केलेले वर्कशीट तुम्हीच लिहिले असले तरी ते विकायला तुम्ही मोकळे असालच असे नाही. म्हणून विक्रीचा संच घरच्या वेळेत, स्वतःच्या यंत्रावर, शाळेशी संबंध नसलेल्या ईमेल खात्यातून आणि कोऱ्या फाइलपासून सुरू करा. शाळेची जुनी फाइल उघडून तिच्यात बदल करत बसू नका. परवानगी लागत असेल तर ती तोंडी घेऊन भागत नाही.

दुसरे, बाहेरून घेतलेला मजकूर. पाठ्यपुस्तकातला उतारा, कविता, जुन्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न जसाच्या तसा घेऊ नका. वजाबाकीची रीत कोणाच्या मालकीची नसते, पण ती समजावणारी वाक्ये आणि चित्रे मालकीची असतात. नावे बदलून तोच प्रश्न ठेवणे म्हणजेही नक्कलच.

तिसरे, चित्रे. ‘फुकट’ आणि ‘विक्रीच्या वस्तूत वापरायला मोकळे’ यांत फरक आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे निर्मात्याने आपली कृती वापरायला सगळ्यांना आधीच दिलेला परवाना. त्याच्या नावात ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर बंद. ‘एनडी’ असेल तर बदल करून वाटता येत नाही. ‘एसए’ असेल तर त्यावरून केलेली नवी कृती त्याच परवान्याखाली खुली करावी लागते, आणि मग ती पुढे वाटण्यापासून तुम्ही कोणाला अडवू शकत नाही. नुसते ‘बाय’ असेल तर श्रेय देऊन विकता येते. ‘सीसी-झिरो’ला श्रेयाचीही अट नाही. डिझाइनच्या संकेतस्थळांवरची तयार चित्रे बहुधा मोठ्या रचनेचा भाग म्हणून चालतात, जशीच्या तशी सुटी विकता येत नाहीत. अटी प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या, तेव्हा त्या वाचूनच ठरवा.

तपासणी: प्रत्येक चित्रासोबत त्याच्या परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि तारीख त्याच फोल्डरमध्ये ठेवली का? परवाने बदलतात, पाने गायब होतात. नंतर कोणी विचारले तर हाच पुरावा.

सावधान: वर्गातल्या मुलांचे फोटो, हस्ताक्षर, नावे किंवा सोडवलेल्या वह्यांची पाने नमुन्यातही वापरू नका. नाव खोडले तरी हस्ताक्षर ओळखू येते.

## टप्पा २: अडचण निवडा, धडा नको

‘इयत्ता चौथी गणित, संपूर्ण’ हा विषय होऊ शकत नाही. तेवढे काम कोणी एकटा चांगले करत नाही, आणि घेणाराही तसे शोधत नाही. ‘मुले शून्यातून हातचा घेताना चुकतात’ असे तो शोधतो.

निवडीसाठी तीन कसोट्या लावा. ही अडचण दरवर्षी नव्या वर्गात पुन्हा येते का? पाठ्यपुस्तकातला सराव तिच्यासाठी अपुरा पडतो का? आणि मूल नेमके कुठे चुकते, हे वही न पाहता तुम्ही सांगू शकता का? खरी कसोटी तिसरीच. चुकीचे उत्तर पाहून त्यामागची रीत ओळखता येत नसेल, तर त्या विषयावरचा तुमचा संच बाजारातल्या शंभर संचांसारखाच होईल.

## टप्पा ३: प्रश्न कागदावर लिहा

कॉम्प्युटर बंद ठेवा. पडद्यावर बसले की हात आपोआप फॉन्ट आणि चौकटींकडे जातो.

आधी पानांचा नकाशा काढा. आपल्या उदाहरणात वीस पाने अशी बसतात: पान १ निदान चाचणी, पाने २ ते १३ चार पायऱ्या, प्रत्येकीला तीन पाने, १४-१५ मिश्र सराव, १६-१७ शाब्दिक उदाहरणे, १८ शेवटची चाचणी, १९-२० उत्तरसूची.

पायऱ्यांत एका वेळी एकच अडचण वाढवा:

- पायरी १, फक्त दशक सुटा करायचा: ५६४ − २३८
- पायरी २, दशक आणि शतक दोन्ही: ७३५ − ४६८
- पायरी ३, दशकस्थानी शून्य: ४०२ − १७८
- पायरी ४, एकक आणि दशक दोन्हीकडे शून्य: ५०० − २३६

मिश्र सरावात ८७५ − ४३२ सारखी, हातचा लागतच नाही अशी गणिते मुद्दाम पेरा. ती नसली तर मूल विचार न करता प्रत्येक ठिकाणी हातचा घेत सुटते आणि तरीही पान बरोबर येते. शिक्षकाला वाटते, आले. ५३० − २६७ सारखे, एककस्थानी शून्य असलेले गणितही इथेच येऊ द्या.

आकडे निवडणे हेच यातले खरे कसब. चांगल्या उदाहरणात प्रत्येक प्रकारची चूक वेगळे उत्तर देते. ४०२ − १७८ चे बरोबर उत्तर २२४. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल ३७६ लिहिते. शतक सुटे करून दशकस्थानी १० केले, पण त्यातला एक दशक एककाला दिला हे विसरले, तर उत्तर येते २३४. चिन्हच पाहिले नाही तर ५८०. म्हणजे नुसते उत्तर पाहून मूल कुठे अडकले ते कळते. उलट ६०१ − २९९ घ्या. चलाख मूल मनातच ३०० वजा करून १ मिळवते आणि ३०२ लिहून मोकळे होते. तोंडी गणिताला हे उदाहरण छान आहे, पण हातच्याची रीत आली की नाही हे त्यातून कळत नाही.

शाब्दिक उदाहरणांत ‘उरले किती’ हाच एक साचा ठेवू नका. ‘मीनाकडे ४०२ मणी आहेत. ते रूपाच्या मण्यांपेक्षा १७८ ने जास्त आहेत. रूपाकडे किती?’ इथे ‘जास्त’ हा शब्द पाहून मुले बेरीज करतात. दोन पानांत अशी निदान तीन उदाहरणे असू द्या.

उभ्या मांडणीची एका पानावर आठ गणिते पुरेत. सूचना एका वाक्यात, दहा-बारा शब्दांची. सूचना समजावायला शिक्षकाला उभे राहावे लागत असेल तर संच सुटसुटीत नाही.

प्रश्न एआयकडून काढून घेतले तर पायऱ्यांचा क्रम बहुधा मोडतो: पायरी १ मध्ये शून्य घुसते, पायरी ३ मध्ये हातचा न लागणारी गणिते येतात. एकेक गणित हाताने सोडवून, कोणत्या पायरीचे ते कडेला लिहूनच पुढे जा. इतके करायचेच तर आकडे स्वतः निवडलेले बरे.

तपासणी: प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहा, ‘या पानावर मूल कशात चुकेल?’ उत्तर सुचले नाही ते पान काढून टाका.

## टप्पा ४: उत्तरसूची, आणि तीही चुकांसकट

उत्तरसूची प्रश्न लिहिले त्याच दिवशी करू नका. डोळा जे लिहायचे होते ते वाचतो, जे लिहिले आहे ते वाचत नाही. एक दिवस जाऊ द्या, कोरी प्रिंट काढा आणि मुलासारखी पेन्सिलीने सोडवा. मगच कॅल्क्युलेटरने पडताळा.

बाजारातल्या बहुतेक संचांत उत्तरसूची म्हणजे नुसत्या आकड्यांची रांग. तुमचा संच इथे वेगळा पडू शकतो. निदान चाचणीच्या प्रत्येक प्रश्नासमोर असे द्या:

- २२४: बरोबर.
- ३७६: मोठ्यातून लहान वजा केले. पायरी १ पासून, म्हणजे पान २ पासून सुरू करा.
- २३४: शून्याचे १० केले, ९ करायचे राहिले. पान ८ द्या.
- ५८०: बेरीज केली. चिन्हाला गोल करायला सांगा आणि पुन्हा सोडवू द्या.

चाळीस वह्या तपासायला बसलेल्या शिक्षकाला या चार ओळींचे मोल फुलपाखरांच्या किनारीपेक्षा जास्त वाटते.

## टप्पा ५: मांडणी

ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. काही देशांत चालणारा लेटर कागद साधारण २१६ × २७९. मजकूर १७५ × २४५ मिमीच्या चौकटीत बसवला तर दोन्हीकडे नीट छापतो. डाव्या बाजूला २० मिमी समास सोडा. फाइलच्या प्रमाणित भोकाचा मध्य कडेपासून १२ मिमीवर आणि व्यास ६ मिमी असतो, म्हणजे भोक १५ मिमीपर्यंत आत येते. बारा मिमीचा समास ठेवला की पहिल्या गणिताचा शतकाचा अंक भोकात जातो.

उभ्या गणितासाठी १० मिमीच्या चौकोनांची जाळी द्या, आणि वर हातचा लिहायला एक मोकळी ओळ. ही ओळ हमखास विसरली जाते. मग मुले आकड्यांवरच खाडाखोड करतात आणि मूल कुठे चुकले ते दिसत नाही.

लहान मुलांसाठी अक्षर १६ ते १८ पॉइंट, मोठ्यांसाठी १२-१३. देवनागरीला ओळींतले अंतर १.४ ते १.५ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. लिहायच्या रेघांत लहानांसाठी १२ ते १५ मिमी, मोठ्यांसाठी ८-९ मिमी. अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, ते एकदाच ठरवा. प्रश्नात ४ आणि पानाच्या क्रमांकात दुसऱ्या लिपीचा अंक, अशी सरमिसळ पहिल्या नजरेत खटकते.

संच शेवटी झेरॉक्सवरच जाणार, तेव्हा काळ्या-पांढऱ्यातच विचार करा. रेघा ०.७५ ते १ पॉइंट जाड. वीस टक्क्यांहून फिकी राखाडी छटा झेरॉक्सच्या झेरॉक्सवर उडते. गडद पट्ट्यांनी टोनर जातो आणि शाळेच्या मशीनवर पान काळे डागाळते. ‘लाल फुले मोजा’ असा, रंगावर अवलंबून असलेला प्रश्न तर नकोच.

चित्र प्रश्नाला लागत असेल तरच. ते ३०० डीपीआयला, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके येतील असे, हवे: पाच सेंटिमीटर रुंद छापायचे तर निदान ५९० पिक्सेल. मोबाइलवर सुबक दिसणारे दोनशे पिक्सेलचे चित्र कागदावर फुटते.

तपासणी: एक पान छापा, त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. तिसऱ्या कागदावर सगळे वाचता आले तर मांडणी पास.

सावधान: पट्टीने मोजण्याचे प्रश्न असतील तर पानाच्या तळाला बरोबर ५ सेंटिमीटरची रेघ आणि ‘ही रेघ मोजून पाहा’ अशी सूचना द्या. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ निवडले गेले की पान किंचित आक्रसते आणि सगळी उत्तरे चुकतात. तक्रार मात्र तुमच्याकडे येते.

## टप्पा ६: फॉन्ट आणि पीडीएफ

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर विक्रीच्या फाइलमध्ये आणू नका. तो शोधता येत नाही, आणि फॉन्ट जोडला गेला नाही तर घेणाऱ्याच्या यंत्रावर नुसती चिन्हे दिसतात. युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर तीच अक्षरे दाखवणाऱ्या सामाईक पद्धतीचा फॉन्ट घ्या, आणि त्याच्या परवान्यात व्यापारी वापर चालतो का ते पाहा. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, छापील वा डिजिटल साहित्यात बिनधास्त वापरता येतात.

फॉन्ट ठरवण्याआधी हे शब्द छापून पाहा: दुसऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हस्व, शाळा, लहान, ज्ञान, ट्रक, कॅमेरा, ऑगस्ट. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र रफारासारखा वर गेला की टाइप करताना ऱ ऐवजी साधा र पडला, असे समजा. श आणि ल यांची वळणे मराठी आहेत का तेही बघा. पहिली-दुसरीच्या मुलाला पुस्तकात एक ल आणि वर्कशीटवर दुसरा, असे व्हायला नको.

पीडीएफ केल्यावर तिचे गुणधर्म उघडून फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे तो जोडलेला, म्हणजे ‘एम्बेडेड’, आहे असे लिहिले आहे का ते पाहा. मग ती फाइल मोबाइलवर आणि दुसऱ्याच कोणाच्या कॉम्प्युटरवर उघडा. स्वतःच्या यंत्रावर फॉन्ट आधीच बसवलेला असतो, तिथे सगळे ठीकच दिसणार. आकार दहा एमबीच्या आत ठेवा. जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही.

पीडीएफला छपाई अडवणारा पासवर्ड लावू नका. फुकट वाटणारा तो काढतोच. अडकतो पैसे दिलेला माणूस. त्यापेक्षा प्रत्येक पानाच्या तळाला तुमचे नाव, आवृत्ती क्रमांक आणि ‘एका शिक्षकाच्या एका वर्गासाठी’ अशी वापराची अट बारीक अक्षरांत द्या.

## टप्पा ७: दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा

दोन शिक्षकांना फाइल द्या. त्यांतला एक तुमच्यापेक्षा वेगळ्या रीतीने शिकवणारा हवा. सोबत काहीही समजावू नका. विकत घेणाऱ्याला तुम्ही भेटणार नाही. त्यांना चारच गोष्टी विचारा: पान कोणत्या क्रमाने द्यायचे ते कळले का, मुलांनी कोणती सूचना पुन्हा विचारली, एका पानाला किती वेळ लागला, आणि कोणते पान वापरलेच नाही.

‘छान आहे’ हा अभिप्राय बाजूला ठेवा. ‘पान ९ ला पोरे अडकली’ हा उपयोगाचा. एकाच जागी दोघांचीही मुले अडकली तर ते पान नव्याने लिहा. वर एखादी सूचना वाढवून भागवू नका.

## टप्पा ८: किंमत

इथे वहीतले तास काढा. समजा प्रश्नांना ६, उत्तरांना २, मांडणीला ७, चाचणी आणि दुरुस्तीला ५, विक्रीच्या पानाला २, असे एकूण २२ तास गेले. तासाचा मोबदला १०० धरला (चलन कोणतेही असो) तर संचाची मेहनत २,२०० झाली.

आता किंमत ६० ठेवली. विक्रीचे संकेतस्थळ २० टक्के घेते, पैसे वळते करणारी सेवा ३ टक्के आणि प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक ३ घेते, असे धरू. हातात उरतात ४३.२०. मेहनत वसूल व्हायला ५१ प्रती जायला हव्यात. स्वस्त केले तर जास्त खपेल म्हणून किंमत २० केली, तर हातात १२.४० आणि लागतात १७८ प्रती. किंमत तिपटीने उतरली, प्रती साडेतीन पटीने वाढल्या. हा फरक व्यवहारामागच्या ठरावीक कपातीमुळे पडतो, आणि किंमत उतरवताना तोच ध्यानात येत नाही. तुमच्या ठिकाणची कपात आधी वाचा, मग हेच गणित तुमच्या आकड्यांनी करा.

तीन-चार पानांचे सुटे संच स्वस्तात विकण्यापेक्षा त्यांतले एक-दोन पान नमुना म्हणून फुकट द्या आणि बाकीचा पूर्ण संच योग्य किमतीला ठेवा.

## टप्पा ९: विक्रीचे पान

तयार बाजारपेठेच्या संकेतस्थळावर गिऱ्हाईक आयते येते, पण कपात मोठी. स्वतःच्या पानावर कपात कमी, पण गिऱ्हाईक तुम्हालाच आणावे लागते. पहिले दोन-तीन संच बाजारपेठेत ठेवा. पैसे आल्यावर फाइल आपोआप जाईल अशीच सोय निवडा. तास सुरू असताना कोणाला फाइल पाठवत बसण्याचा हा धंदा नाही.

शीर्षकात घेणारा शोधेल ते शब्द घाला: ‘तीन अंकी वजाबाकी, शून्यातून हातचा: २० पाने, निदान चाचणी, चुकांसह उत्तरसूची’. ‘मजेशीर गणित’ असे कोणी शोधत नाही.

पहिले चित्र आतल्या पानाचे लावा, मुखपृष्ठाचे नको. ते मोबाइलवर तीन सेंटिमीटर रुंद दिसते, तेवढ्या आकारात एक तरी गणित वाचता आले पाहिजे. झलक म्हणून तीन पाने पुरेत: एक सरावाचे, एक पानांच्या नकाशाचे आणि चुकांसह उत्तरसूचीचा एक तुकडा. झलकेचे रिझोल्यूशन ७२ ते १०० डीपीआय आणि प्रश्नांवरून जाणारा फिका शिक्का. शिक्का कोपऱ्यात असला तर कापून टाकतात.

वर्णनात काय नाही तेही लिहा: रंगीत चित्रे नाहीत, चार अंकी संख्या नाहीत, बदल करता येणारी फाइल नाही. नंतरची निम्मी कटकट या एका ओळीने वाचते.

संच त्या घटकाच्या चार ते सहा आठवडे आधी लावा. घटक वर्गात सुरू झाल्यावर लावलेला संच पुढच्या वर्षाचीच वाट पाहतो.

सावधान: स्वतःच्या वर्गातल्या पालकांना आपला संच विकू नका, गटावर त्याची जाहिरातही करू नका. परवानगी असली तरी मूल आपल्या हाताखाली शिकते म्हणून घेतलेला संच, असा अर्थ निघतो.

## टप्पा १०: विक्री सुरू झाल्यावर

पहिल्या प्रतीपासून नोंद ठेवा: तारीख, संच, घेतलेली पूर्ण रक्कम, कपात, हातात आलेले, परत केलेले. खात्यात जमा झालेला आकडाच उत्पन्न म्हणून लिहिला तर हिशेब चुकतो; पूर्ण रक्कम उत्पन्नात आणि कपात खर्चात दाखवावी लागते. फॉन्ट, चित्रे, छपाई यांच्या पावत्या त्याच फोल्डरमध्ये. हे उत्पन्न पगारापेक्षा वेगळे दाखवावे लागते का आणि त्यावर कर कसा बसतो, ते पहिले वर्ष संपण्याआधी कर सल्लागाराला विचारा.

कोणी चूक दाखवली तर वाद न घालता आधी ते गणित सोडवून पाहा. खरेच चूक असेल तर दोन दिवसांत दुरुस्त करा, आवृत्ती १.० ची १.१ करा आणि आधी घेतलेल्या सगळ्यांना नवी फाइल ‘पान १२, तिसरे गणित बदलले’ अशा एका ओळीसह पाठवा. दुरुस्ती करताना पानांचे क्रमांक हलवू नका. उत्तरसूचीतले ‘पान ८ द्या’ दुसऱ्याच पानाकडे बोट दाखवू लागेल.

दुसरा संच कशावर करायचा हे घेणाऱ्यांचे प्रश्न सांगतात. ‘चार अंकीसाठी आहे का?’ असे तिघांनी विचारले की ३००४ − १६७८ पासून सुरुवात करा. नकाशा तोच, जाळीला एक रकाना जास्त, आणि मांडणी तयार असल्यामुळे तास बरेच कमी. एकही प्रश्न आला नाही आणि एका पूर्ण शालेय वर्षात पान उघडून पाहणारेच दोन-चार निघाले, तर किंमत उतरवण्याआधी शीर्षक आणि पहिले चित्र बदला. पाहणारे भरपूर आणि घेणारे नाहीत, असे असेल तर झलकेतली पाने पुन्हा काढून बघा. तिथे बहुतेक वेळा उत्तरसूचीचा तुकडा लावायचा राहिलेला असतो.